गंजाला कमी लेखू नका: स्कूटर, स्टील आणि बॅटरीच्या बातम्यांमागचा लाल पदार्थ

आधी तीन बातम्या बघू.

पहिली: जुलै २०२५ मध्ये बजाज ऑटोने इशारा दिला की ऑगस्टमध्ये इलेक्ट्रिक चेतकचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं. अडचण बॅटरीची नव्हती, ग्राहकांचीही नव्हती. घोडं अडलं होतं मोटरमधल्या चुंबकांवर, कारण चीनने त्यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली होती.

दुसरी: १ जानेवारी २०२६ पासून युरोपियन युनियनने बाहेरून येणाऱ्या स्टीलला कार्बनचा हिशेब लावायला सुरुवात केली. एक टन स्टील बनवताना किती धूर सोडला, त्यावर पैसे ठरणार.

तिसरी: अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात अशी बॅटरी उभारायचं काम सुरू झालं, जी लोखंड गंजवून वीज देते आणि गंज काढून पुन्हा चार्ज होते.

तिन्ही बातम्या वेगवेगळ्या वाटतात ना? पण तिन्हींच्या मुळाशी एकच पदार्थ आहे: आयर्न ऑक्साइड. लोखंड आणि ऑक्सिजन यांचं संयुग. साध्या भाषेत, गंज आणि त्याची भावंडं.

हा पदार्थ जगात कुठेही मिळतो आणि स्वस्त आहे. मग त्यावरून इतकं राजकारण का? कारण प्रश्न पदार्थाचा नाहीच, त्यातल्या ऑक्सिजनचा आहे. तो ऑक्सिजन आहे तसाच ठेवायचा, काढून टाकायचा, की आत-बाहेर करत राहायचा? तीन बातम्या म्हणजे या प्रश्नाची तीन उत्तरं. आणि प्रत्येक उत्तराचं बिल वेगळ्या माणसाच्या हातात पडतं.

आधी बेसिक: गंज म्हणजे नेमकं काय?

लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज होतो, हे शाळेत आपण सगळे शिकलो. पण आयर्न ऑक्साइड हे एका वस्तूचं नाव नाही, ते एक कुटुंब आहे.

हेमेटाइट: दोन लोखंडाच्या अणूंमागे तीन ऑक्सिजन. रंग लाल. शुद्ध असेल तर वजनाच्या ७० टक्के लोखंड.

मॅग्नेटाइट: तीन लोखंड, चार ऑक्सिजन. रंग काळा, आणि मुळातच चुंबकीय. प्राचीन काळी माणसाला सापडलेला लोहचुंबक हाच.

गोएथाइट: यात हायड्रोजनही असतो. रंग पिवळा-तपकिरी. पिवळी माती पिवळी दिसते ती याच्यामुळे.

पिवळी माती भाजली की त्यातलं पाणी निघून जातं आणि गोएथाइटचं हेमेटाइट होतं. विटा आणि कौलं भट्टीतून लाल होऊन बाहेर येतात, त्यामागे लोखंडाच्या ऑक्साइडचाच हात असतो.

आता आजूबाजूला बघा. तुळशी वृंदावनाला लावायचा गेरू म्हणजे हेमेटाइट असलेली माती. कोकणातला जांभा दगड लाल, कारण लाखो वर्षांच्या धो-धो पावसाने खडकातले बाकीचे घटक धुऊन नेले आणि लोखंड व अॅल्युमिनियमची ऑक्साइडं मागे उरली. लोखंडी गेटला रंगाआधी मारतात तो रेड ऑक्साइड, लाल पेव्हर ब्लॉक, लिपस्टिक आणि फाउंडेशनमधल्या तपकिरी छटा, सगळीकडे हाच रंग. मंगळ ग्रह लाल दिसतो तोही याच कारणाने.

म्हणजे गंज ही लोखंडाची बिघडलेली अवस्था आहे हा आपला समज अर्धवट आहे. निसर्गात लोखंड जवळपास नेहमी ऑक्सिजनसोबतच सापडतं. चकचकीत लोखंड ही आपण भरपूर ऊर्जा ओतून तयार केलेली तात्पुरती अवस्था. ते संधी मिळताच मूळ घरी परततं, इतकंच.

हे इतकं लोखंड आलं कुठून?

यामागची गोष्ट भन्नाट आहे. पृथ्वीच्या सुरुवातीच्या काळात हवेत मोकळा ऑक्सिजन जवळजवळ नव्हता. समुद्रात लोखंड विरघळलेलं होतं. मग सायनोबॅक्टेरिया नावाचे सूक्ष्मजीव सूर्यप्रकाशावर अन्न बनवून ऑक्सिजन सोडायला लागले. समुद्रातल्या लोखंडाचं ऑक्साइड होऊन ते तळाशी बसत गेलं. लाल थर, मग सिलिकाचा फिका थर, पुन्हा लाल. असे पट्टेदार खडक तयार झाले. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेतही ऑक्सिजन साठायला लागला.

आज जगभर उपसलं जाणारं बहुतेक लोहखनिज याच पट्टेदार खडकांतून येतं. ऑस्ट्रेलिया, ब्राझील, ओडिशा, आणि आपलं गडचिरोलीही. गडचिरोलीकडे पुढे येऊच.

बातमी पहिली: ऑक्सिजन ठेवायचा

४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांवर, म्हणजे ज्यांना बातम्यांमध्ये 'रेअर अर्थ' म्हणतात त्यांवर, निर्यात नियंत्रण आणलं. त्यांच्यापासून बनणारी चुंबकंही त्यात आली. जगातली जवळपास ९० टक्के रेअर अर्थ चुंबकं चीनमध्ये बनतात, त्यामुळे जगभरच्या वाहन कंपन्या हादरल्या.

इथे एक बारकावा आहे. इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरमधलं चुंबक निओडिमियम, लोखंड आणि बोरॉनचं असतं. पण निओडिमियम त्या यादीत नव्हतंच! यादीत होतं डिस्प्रोसियम आणि टर्बियम. निओडिमियमचं चुंबक ताकदवान असलं तरी उष्णतेत ढेपाळतं. उन्हात, ट्रॅफिकमध्ये, चढावर मोटर तापली की त्याची शक्ती कमी होते. ते टिकावं म्हणून त्यात थोडं डिस्प्रोसियम किंवा टर्बियम मिसळतात. भाजीत मीठ असावं तेवढंच. पण मीठच मिळेना म्हटल्यावर स्वयंपाक थांबला.

मग पर्याय काय? पर्यायाचं नाव आहे फेराइट, आणि तो साधारण शंभर वर्षं जुना आहे.

१९३० मध्ये टोकियोत योगोरो कातो आणि ताकेशी ताकेई या दोन शास्त्रज्ञांनी आयर्न ऑक्साइडमध्ये दुसऱ्या धातूंची ऑक्साइडं मिसळून, भाजून नवीन चुंबकीय पदार्थ बनवला. तो बाजारात आणायला १९३५ मध्ये एक कंपनी निघाली: टीडीके. होय, ज्यांच्या कॅसेट तुमच्या बाबांनी वापरल्या असतील, तीच. त्या कॅसेटच्या तपकिरी फितीवरही आयर्न ऑक्साइडचीच बारीक पूड असायची. त्या काळातली गाणी अक्षरशः गंजाच्या भावंडावर साठवलेली होती.

आजही फेराइट तुमच्यापासून हातभर अंतरावर आहे. फोनचा चार्जर घ्या. त्याच्या आत एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याचा गाभा फेराइटचा असतो. जुने चार्जर विटेसारखे जड का होते? कारण त्यांचा गाभा लोखंडी पट्ट्यांचा होता. लोखंडातून वीज सहज वाहते, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र वेगाने उलटसुलट केलं की आत भोवऱ्यासारखे विजेचे प्रवाह फिरतात आणि गाभा तापतो. फेराइट मात्र ऑक्साइड आहे, त्यातून वीज सहज वाहत नाही. त्यामुळे ते सेकंदाला लाखभर वेळा उलटसुलट केलं तरी चालतं. जितक्या वेगाने उलटसुलट, तितका ट्रान्सफॉर्मर छोटा. तुमचा फास्ट चार्जर खिशात मावतो त्याचं बरंच श्रेय या गोष्टीला जातं. लॅपटॉपच्या केबलवरची ती गाठ, वायरलेस चार्जरमधली काळी चकती, ही सगळी फेराइटचीच.

हा झाला मऊ फेराइट, ज्याची दिशा पटकन बदलते. कायमचं चुंबक बनवायचं तर आयर्न ऑक्साइडमध्ये स्ट्रॉन्शियम किंवा बेरियम मिसळतात. गाडीच्या मोठ्या स्पीकरमागचं काळं कडं, वायपरची मोटर, फ्रिजवर चिकटवायच्या स्टिकरची तपकिरी पाठ, हे सगळं त्याच जातीचं.

मग स्कूटरमध्ये सरळ तेच का बसवत नाहीत?

कारण ताकद. तेवढ्याच आकाराच्या चांगल्या निओडिमियम चुंबकात फेराइटच्या साधारण दहापट चुंबकीय ऊर्जा असते. फेराइट वापरलं तर मोटर मोठी आणि जड होते, किंवा तिची रचना पूर्ण बदलावी लागते. चुंबकं वेगळ्या कोनात बसवायची, रोटरच्या लोखंडाचा आकार बदलून त्याच्या ओढीचाही फायदा घ्यायचा, कंट्रोलरचं सॉफ्टवेअर नव्याने लिहायचं. हे सगळं इंजिनिअरिंगचं काम आहे आणि त्याला वेळ लागतो.

पण फेराइटचे काही गुण निओडिमियमकडे नाहीत. उष्णतेत ते जास्त तग धरतं, त्याला डिस्प्रोसियम लागत नाही. निओडिमियमच्या चुंबकावर गंज टाळायला निकेलचा थर द्यावा लागतो, फेराइटला लागत नाही. जे आधीच ऑक्साइड आहे ते आणखी काय गंजणार! आणि कच्चा माल? स्टीलच्या कारखान्यात पत्रे अॅसिडने साफ करतात. त्या वापरलेल्या अॅसिडमधून बारीक आयर्न ऑक्साइड परत मिळवता येतं, आणि फेराइट बनवायला ते वापरलं जातं. एकाचा कचरा, दुसऱ्याचं चुंबक.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ओला इलेक्ट्रिकने आपल्या फेराइट मोटरला सरकारी प्रमाणपत्र मिळाल्याचं जाहीर केलं. कामगिरी रेअर अर्थ मोटरइतकीच आहे असा कंपनीचा दावा आहे. तो रस्त्यावर, दोन-तीन उन्हाळे काढल्यावर कळेल. दुसरीकडे केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये रेअर अर्थ चुंबकं देशातच बनवण्यासाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. लक्ष्य आहे वर्षाला ६,००० टन क्षमतेचं.

दोन्ही रस्ते एकाच वेळी चालायला हवेत असं आमचं मत. फोनच्या स्पीकरमध्ये किंवा महागड्या कारमध्ये जागा कमी असते, तिथे निओडिमियमच लागेल. पण शहरात ५० च्या वेगाने फिरणाऱ्या स्कूटरला, पंख्याला, पाण्याच्या पंपाला तेवढी ताकद खरंच हवी का? जिथे किलोभर वजन वाढलं तरी चालतं, तिथे फेराइट पुरेसं आहे. एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही: फेराइट चुंबकांचा सर्वात मोठा उत्पादकही चीनच आहे. फरक इतकाच की इथे कच्चा माल आणि कृती दोन्हींवर कुणाची मक्तेदारी नाही. कुणी नळ बंद केला तर दुसरी विहीर खणता येते.

बातमी दुसरी: ऑक्सिजन काढायचा

चुंबकात ऑक्सिजन जागेवर ठेवला. स्टीलमध्ये तो काढावाच लागतो, आणि खरी लढाई इथे आहे.

हिशेब सोपा आहे. हेमेटाइटमधून १ टन लोखंड काढायचं तर त्याला चिकटलेला सुमारे ४३० किलो ऑक्सिजन सोडवावा लागतो. लोखंड तो सहजासहजी सोडत नाही. त्यासाठी ऑक्सिजनची जास्त ओढ असलेलं कुणीतरी लागतं.

शेकडो वर्षं हे काम कोळसा करतोय. भट्टीत कोळशापासून केलेला कोक जळून कार्बन मोनॉक्साइड वायू होतो, तो दगडातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि कार्बन डायऑक्साइड बनून चिमणीतून बाहेर पडतो. नुसत्या या रासायनिक क्रियेत १ टन लोखंडामागे साधारण १.२ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. यात खनिज तयार करणं, कोक बनवणं, वीज, पुढचं लाटकाम मिळवलं की आकडा वाढतो. जगाची सरासरी टनामागे २ टनांच्या आसपास आहे, भारताची सुमारे २.५.

आपला आकडा जास्त का? आपण स्पॉन्ज आयर्न बनवण्यात जगात पहिले, आणि त्यातला मोठा वाटा थेट कोळशावर चालणाऱ्या छोट्या भट्ट्यांचा आहे. वीजही बरीचशी कोळशाचीच.

आता युरोपचा नियम. युरोपात स्टील आयात करणाऱ्याला त्या मालाच्या कार्बनची प्रमाणपत्रं विकत घ्यावी लागणार. २०२६ मध्ये आलेल्या मालाचा हिशेब २०२७ मध्ये चुकता करायचा. सुरुवातीला भार थोड्या भागावर, मग वाढत वाढत २०३४ पर्यंत पूर्ण. म्हणजे युरोपात जाणाऱ्या भारतीय स्टीलवर दरवर्षी थोडा जास्त भार.

हा पर्यावरणाचा नियम की स्वतःचे कारखाने वाचवायची युक्ती? भारत सरकारने याला उघड विरोध केला आहे, आणि त्यात तथ्य आहे. युरोपने दोन शतकं कोळसा जाळून कारखानदारी उभी केली आणि आता दारात टोलनाका लावला. पण विरोध करूनही नाका हटत नसेल तर गाडी बदलायचा विचार करावाच लागतो. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने 'ग्रीन स्टील'ची व्याख्या जाहीर केली: टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तर ग्रीन, आणि १.६ च्या खाली असेल तर पाच तारे. फ्रिजवरच्या स्टारसारखंच.

हायड्रोजन: जादू की महागडं स्वप्न?

कार्बनऐवजी हायड्रोजनने ऑक्सिजन ओढला तर? मग चिमणीतून धुराऐवजी पाण्याची वाफ निघते. हे शक्य आहे. स्वीडनमध्ये अशा पद्धतीने बनवलेलं स्टील ऑगस्ट २०२१ मध्ये व्होल्वोला दिलं गेलं.

मग सगळे असं का करत नाहीत? पुन्हा हिशेब करू. १ टन लोखंडाला किमान ५४ किलो हायड्रोजन लागतो. १ किलो हायड्रोजन पाण्यातून वेगळा करायला साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते. म्हणजे १ टन लोखंडामागे जवळपास ३,००० युनिट. तुमच्या घरी महिन्याला १०० युनिट लागत असतील तर तुमची अडीच वर्षांची वीज एका टनात गेली. भारताने २०२४ मध्ये सुमारे १५ कोटी टन स्टील बनवलं. आणि ही वीज कोळशाची असेल तर मग उपयोग काय? धूर एका चिमणीतून दुसऱ्या चिमणीत हलवला, इतकंच.

युरोपातही हे जड जातंय. जून २०२५ मध्ये आर्सेलरमित्तलने जर्मनीतल्या दोन कारखान्यांची अशी योजना सोडून दिली, १.३ अब्ज युरोचं सरकारी अनुदान मिळणार असूनही. वीज महाग आणि बाजार मंद, हे कारण.

सगळ्यात स्वस्त उपाय मात्र आपल्या डोळ्यांसमोर आहे: भंगार. भंगारातल्या लोखंडातला ऑक्सिजन कुणीतरी आधीच काढलेला आहे, ते फक्त वितळवायचं. जालन्यातल्या स्टील कारखान्यांची सळई बरीचशी भंगार आणि स्पॉन्ज आयर्न वितळवूनच बनते. 'भंगारवाला' हा शब्द आपण हिणवण्यासाठी वापरतो, पण कार्बनच्या हिशेबात दारावर येणारा तो माणूस मोठ्या कंपनीच्या जाहिरातीपेक्षा जास्त काम करतो. अडचण अशी की देश अजून बांधला जातोय. पूल, मेट्रो, घरं यांतलं लोखंड ५० वर्षांनी भंगारात येईल, आत्ता नाही. त्यामुळे खनिज लागणारच.

आणि हे खनिज येणार कुठून? गडचिरोली

एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात उत्तम प्रतीचं हेमेटाइट आहे. २०२१ पासून तिथे मोठ्या प्रमाणात खाणकाम सुरू झालं आणि आता चामोर्शी तालुक्यात कोनसरीला स्टीलचा कारखाना उभा राहतोय. गडचिरोलीला 'स्टील हब' करायची घोषणा मुख्यमंत्र्यांनी अनेकदा केली आहे. ज्या जिल्ह्यातून पोरं कामासाठी हैदराबादला जातात, तिथे कारखान्यात नोकरी मिळणं ही छोटी गोष्ट नाही.

पण तो डोंगर रिकामा नव्हता. माडिया गोंड समाजाचा ठाकूरदेव तिथे आहे, दर जानेवारीत यात्रा भरते. ग्रामसभांनी खाणींना वर्षानुवर्षं विरोध केलाय. २०२३ मध्ये तोडगट्टा इथे नव्या खाणींविरोधात अनेक महिने आंदोलन चाललं. खनिजाचे ट्रक जातात तिथे रस्त्याकडेच्या शेतांवर आणि झाडांवर लाल धूळ बसते. ती धूळ म्हणजे काय? तेच, आयर्न ऑक्साइड.

पुढे आणखी एक टप्पा आहे. उत्तम प्रतीचं खनिज मर्यादित असतं. त्याच्या सोबतीला असतो पट्टेदार खडक, हेमेटाइट आणि गारगोटीचे एकाआड एक थर. त्यात लोखंड बरंच कमी. तो वापरायचा तर दळून बारीक करावा लागतो, पाण्याने धुवावा लागतो आणि उरलेला गाळ कुठेतरी साठवावा लागतो. त्यामुळे गडचिरोलीच्या पुढच्या बातम्या वाचताना 'किती कोटींची गुंतवणूक' याच्या पलीकडे तीन गोष्टी शोधा. पाणी कुठून घेणार? गाळ कुठे टाकणार? भट्टी कशावर चालणार? आज कोळशावर उभी राहिलेली भट्टी पुढची काही दशकं कोळसाच मागते. युरोपचा नाका २०३४ ला पूर्ण लागू होणार असेल, तर आजचा निर्णय त्या वर्षी कामावर असलेल्या पोरांची नोकरी ठरवणार आहे.

बातमी तिसरी: ऑक्सिजन आत-बाहेर

आता जरा हलकी पण भारी कल्पना. गंजताना लोखंडातून ऊर्जा बाहेर पडते. आपल्याला ती जाणवत नाही कारण गंजणं फार हळू चालतं. फॉर्म एनर्जी या अमेरिकन कंपनीने तीच क्रिया बॅटरीत बसवली.

रचना अशी: लोखंडाच्या कणांची प्लेट, पाण्यात विरघळलेलं अल्कली द्रावण आणि बाहेरची हवा. डिस्चार्ज होताना हवेतला ऑक्सिजन आत येतो आणि लोखंड गंजतं, वीज मिळते. चार्ज करताना वीज दिली की गंजाचं पुन्हा लोखंड होतं आणि ऑक्सिजन बाहेर पडतो. बॅटरी श्वास घेते म्हणा ना.

ही तुमच्या फोनमध्ये कधीच येणार नाही. ती अवजड आहे, हळू आहे, आणि भरलेल्या विजेपैकी अर्ध्याहून जास्त वीज परत मिळत नाही. लिथियम बॅटरीत ८५-९० टक्के मिळते. मग फायदा काय? लोखंड स्वस्त आहे, द्रावण पाण्याचं असल्यामुळे लिथियमसारखा पेट घेण्याचा धोका नाही, आणि ती सलग १०० तास वीज देऊ शकते. मिनेसोटातल्या केंब्रिज इथल्या प्रकल्पाची क्षमता १.५ मेगावॉट आहे, म्हणजे १०० तासांत १५० मेगावॉट-तास. कंपनीचा कारखाना वेस्ट व्हर्जिनियातल्या वेर्टन गावात आहे, एका जुन्या स्टील कारखान्याच्या जागेवर. जिथे लोखंडातून ऑक्सिजन काढायचे, तिथे आता त्याला ये-जा करायला शिकवतात.

१०० तासांचं महत्त्व आपल्याला पटकन कळेल. जुलैमध्ये चार-चार दिवस ऊन पडत नाही, तेव्हा सोलरचं काय? चार तासांची लिथियम बॅटरी रात्रीची वेळ मारून नेते, आठवड्याची झड नाही. अशी स्वस्त आणि लांब पल्ल्याची साठवण जमली, तरच सोलरच्या विजेवर चोवीस तास कारखाने चालवायची भाषा खरी ठरेल. आणि तेव्हाच वरचा हायड्रोजनचा हिशेबही जुळायला लागेल. म्हणजे दुसऱ्या बातमीचं उत्तर काही अंशी तिसऱ्या बातमीत आहे. अर्थात ही बॅटरी अजून परीक्षेला बसली आहे, पास झालेली नाही.

मग आपण काय लक्षात ठेवायचं?

पुढच्या वेळी 'रेअर अर्थचं संकट', 'ग्रीन स्टील', 'गडचिरोलीत इतक्या लाख कोटींचे करार' किंवा 'लिथियमला पर्याय' अशी हेडलाइन फोनवर आली की एक साधी चाचणी लावा. यात लोखंडातल्या ऑक्सिजनचं काय केलं जातंय? ठेवला जातोय, काढला जातोय, की ये-जा करतोय? काढला जात असेल तर कशाने, कोळशाने की विजेने? वीज असेल तर ती कुठली?

उत्तर बातमीत नसेल तर ती बातमी अर्धी आहे. 'ग्रीन' शब्द छापला पण वीज कुठली ते सांगितलं नाही, तर ती जाहिरात समजा. 'रेअर अर्थ फ्री मोटर' म्हटलं पण वजन, रेंज आणि वॉरंटी सांगितली नाही, तर शोरूममध्ये हे तीन प्रश्न नक्की विचारा.

आयर्न ऑक्साइड स्वस्त आहे, पायाखाली आहे, आणि भारताकडे भरपूर आहे. या बाबतीत आपल्याला कुणापुढे हात पसरायची गरज नाही. पण नुसती लाल माती असून भागत नाही. तिला चुंबक, सळई किंवा बॅटरी बनवण्याची अक्कल, ऊर्जा आणि त्या मातीवर राहणाऱ्या माणसांची संमती, हे तिन्ही लागतं. यातलं पहिलं विकत मिळतं, दुसरं उभारता येतं. तिसरं मात्र विचारूनच घ्यावं लागतं.